ज्याचा महिना त्याला

माझा वाढदिवस शनिवारी होता आणि पास्कल रुमाव यांनी मला शुभेच्छा दिल्या त्या सोमवारी सकाळी, मी त्यांच्या गाडीत बसून पट्टा लावते न लावते तोच.

"सावंतबाई, शनिवारचा हॅपी बर्थडे."

मी म्हटलं, "थँक्यू. पण झाला आता तो."

"झाला कसा? दिला आज, पण धरायचा शनिवारीच."

मला वाटलं, विनोद आहे. मी हसले. ते हसले नाहीत. गिअर टाकला, आरशाला टांगलेली जपमाळ डोलली आणि आम्ही अबू धाबीबाहेरच्या मुसफ्फाहच्या दिशेनं, ऑफिसकडे निघालो. हा माणूस विनोद करत नाही, हे कळायला मला बरेच महिने लागले.

आम्ही दोघं एकाच काँट्रॅक्टिंग कंपनीत. मी खरेदी विभागात, रुमावसाहेब पगाराच्या. दोघंही राहायला मोहम्मद बिन झायद सिटीत, एक बिल्डिंग सोडून. माझा नवरा रुवैसला रिफायनरीत, घरी यायचा तो शनिवार-रविवारी, आणि ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी इतक्यांदा आपटले होते की परीक्षक मला पाहिल्याबरोबर सुस्कारा सोडायचा. त्यामुळे माझं येणं-जाणं रुमावसाहेबांच्या कारलिफ्टवर. पैसे घेत नसत. त्याऐवजी माझ्या हातची सोलकढी रोज एक बाटली. एखाद्या बुधवारी माझ्याकडून राहिली आणि गुरुवारी मी दोन नेल्या, की ते विचारायचे, "यातली बुधवारची कुठली?" दोन्ही एकाच पातेल्यातल्या! पण एक बाटली बुधवारची म्हणून उचलून दाखवल्याशिवाय हा बाबा गुरुवारच्या बाटलीला हात लावत नसे.

रुमावसाहेब मूळचे वसईचे. घरची केळीची वाडी. अंगानं गोल, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात तीन रंगांची पेनं, चष्म्याला दोरी. सुट्टीवरून आले की सगळ्या ऑफिसला सुकेळी वाटायचे. वसईची ती वाळवलेली सोनेरी केळी खाऊन आमचे फिलिपिनो इंजिनिअरसुद्धा नाताळची वाट बघायला लागले होते. आवाज मऊ. रागावले की आणखी मऊ व्हायचा. तो ऐकू येईनासा झाला, की समजायचं आता काही खरं नाही.

त्यांच्या डोक्यात एकच नियम होता आणि तो त्यांच्या धंद्यातून आला होता. बांधकामाच्या कंपनीत पगार थकतो. क्लायंट बिल अडवतो, मालक पगार अडवतो, आणि मग कधीतरी सगळं एकदम मिळतं. त्याला आम्ही एरियर्स म्हणतो. पैसे मिळाले की माणसं खूश होतात आणि विसरतात. रुमावसाहेब विसरत नसत. जूनमध्ये दिलेला मार्चचा पगार हा मार्चचाच, तो मार्चच्या नावावर लागला पाहिजे, जूनच्या नाही. "पैसे कधी आले ते बँक बघेल," ते म्हणायचे. "घाम कधी गाळला ते आपण बघायचं."

इथपर्यंत ठीक होतं. पण नियम ऑफिसातून सुटून घरीदारी फिरायला लागला की काय होतं, ते त्यांच्या बायकोला, रेजिनाबाईंना विचारावं. लग्नाच्या वाढदिवसाची राहिलेली साडी त्यांनी चार महिन्यांनी आणली, तर त्यावर म्हणाले, "हे जानेवारीचं. मेचं काही मागायचं असेल तर वेगळं माग." चर्चमध्ये पापं कबूल करायला जायचे तेसुद्धा महिनावार. एकदा म्हणे फादर कंटाळून म्हणाले, "पास्कल, देव वर्षाचं एकदम माफ करतो." तर हे जाळीतून हळूच म्हणाले, "फादर, माफ एकदम करू दे. पण ऑक्टोबर जरा जास्त खराब होता, तेवढं कळलेलं बरं."

ही गोष्ट मला रेजिनाबाईंनी हसत हसत सांगितली. रुमावसाहेब शेजारी बसून गंभीरपणे मान हलवत होते.

आमची एक साइट दुबईला होती. तिथले गवंडी, सुतार मुहैस्नाहच्या कॅम्पमध्ये राहायचे. एकदा त्यांचे थकलेले पगार आले. बाकी कुठलाही पेरोलवाला खात्यात पैसे टाकून मोकळा झाला असता. रुमावसाहेब सुट्टीच्या दिवशी स्वतः कॅम्पवर गेले. मी बरोबर होते, कारण मला दुबईहून पडदे आणायचे होते आणि फुकटात गाडी मिळत होती. दोन तास ते जेवणाच्या हॉलमध्ये एकेकाला समोर बसवून सांगत होते, ये फरवरी का, ये मार्च का, ये अप्रैल का. मी पडद्याच्या दुकानाची वेळ बघत चरफडत होते.

शेवटी एक गवंडी, चांगला मिशाळ माणूस, वैतागून म्हणाला, "साब, पैसा तो एकही में आया ना? खलास. फरवरी-मार्च से हमको क्या?"

रुमावसाहेबांनी चष्मा काढला. "तू मार्च में भी काम किया था ना?"

"किया था साब."

"मार्च में भी खाना खाया, घर फोन किया, जिंदा था?"

"जी साब."

"तो मार्च में तेरा पगार भी होना चाहिए. नहीं तो कल कोई कागज़ देखेगा और बोलेगा, मार्च में ये आदमी कहाँ था?"

गवंड्यानं मार्चच्या पगाराची चिठ्ठी वेगळी घडी करून खिशात ठेवली. पडद्यांचं दुकान बंद झालं, हे मात्र मी आजही माफ केलेलं नाही.

पण या नियमानं प्रत्येक वेळी भलंच झालं असं कुणी समजू नये. त्याच एरियर्सचं रुमावसाहेबांनी सरकारी यंत्रणेत महिनावार वर्गीकरण करून पाठवलं. इथे प्रत्येक कंपनीला पगार बँकेमार्फत, सरकारला दिसेल असा द्यावा लागतो. यंत्रणेनं त्या फायली वाचल्या आणि अर्थ काढला की ही कंपनी फेब्रुवारीचा पगार आत्ता देतेय, म्हणजे ही बुडवी कंपनी. झालं! आमचे नवे व्हिसे अडकले. सोडवायला आठवडा गेला. मालक मोहितेसाहेब, सांगलीचे, गडगडत खाली आले.

"अहो रुमाव, लपवायचं सोडून तुम्ही स्वतःहून सांगायला गेलात?"

"साहेब, उशीर तर झालाच होता."

"झाला होता, पण त्यांना माहीत नव्हता ना!"

रुमावसाहेबांना यात मोहितेसाहेबांची बाजू कोणती, हेच शेवटपर्यंत कळलं नाही. मोहितेसाहेबांनी मात्र त्या दिवसापासून त्यांचं नाव 'स्वतःवरच गोल' ठेवलं.

आता बू राशिद.

बू राशिद आमच्या कंपनीचे मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद घेऊन जाणारे आणि शिक्के घेऊन येणारे. इथलेच, अबू धाबीचे. पायघोळ पांढराशुभ्र कंदुरा, अत्तराचा घमघमाट, आणि गाडी नेहमी दोन जागा अडवून लावलेली. हिंदी फर्डी बोलायचे, तरुणपणी सिनेमे बघून आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांशी घासाघीस करून शिकलेली. त्यांची एक लहान लाँच होती. शनिवार-रविवार समुद्रावर, आणि सोमवारी सकाळी ऑफिसात प्लास्टिकच्या पिशवीत मासा. हमूर नाहीतर शेरी, नशीब असलं तर सुरमई. तो मासा रुमावसाहेबांचा. त्यातला शेपटीकडचा अर्धा माझा, कारण कारलिफ्टमध्ये मासा माझ्या मांडीवर असायचा आणि मी कुडाळची आहे. मासा मांडीवर घेऊन नुसतं सोडून देणं आमच्यात बसत नाही.

त्या दोघांची जोडी बघण्यासारखी होती. सोमवारी गहव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे, छोटे कप घेऊन बसायचे. बू राशिद दरवेळी म्हणायचे, "रुमाव, चलो एक दिन समुंदर पे." केळीच्या वाडीतले रुमावसाहेब पाण्याला भयंकर भ्यायचे. "अगले महीने," ते म्हणायचे. बू राशिद मला डोळा मारून विचारायचे, "इसका अगला महीना कब आता है, मॅडम?"

त्या सुमारास कंपनीची दोन वर्षं वाईट गेली. आमच्या सगळ्यांच्या पगारवाढी करारात लिहिलेल्या, पण हातात जुनाच पगार. मग एक मोठं बिल सुटलं आणि मोहितेसाहेबांनी सगळ्यांचे एरियर्स एकदम द्यायचं ठरवलं. ऑफिसात दिवाळी. बू राशिद तर नाचायचेच बाकी होते. त्यांना लाँचसाठी नवं इंजिन घ्यायचं होतं, जुनं समुद्रात मध्येच खोकायला लागलं होतं. वर्षाअखेर ते निवृत्तही होणार होते. म्हणजे रोज समुद्र.

मी एका ऑर्डरवर सही घ्यायला मोहितेसाहेबांच्या केबिनमध्ये होते तेव्हा रुमावसाहेब आत आले. आवाज इतका मऊ होता की मी फाईल बंद केली.

"साहेब, बू राशिदच्या एरियर्सचं."

"द्या की. बोनस म्हणून दाखवा या महिन्यात. विषय खलास."

"बोनस नाही तो. मागचा पगार आहे."

"अहो, तोच ना! एकरकमी दाखवा. बाकीच्यांचं तसंच करतोय ना आपण?"

"आपल्याला इथे पेन्शन नाही साहेब. त्यांना आहे. ते इथले नागरिक. त्यांची पेन्शन शेवटच्या काही वर्षांच्या पगाराच्या सरासरीवर बसते, आणि बोनस त्या सरासरीत धरत नाहीत. आपण बोनस दाखवला, तर दोन वर्षं कागदावर जुना, लहान पगार राहील. मग हा माणूस मरेपर्यंत लहान पेन्शन घेणार. आणि त्याच्यामागं त्याची बायको."

"आणि महिनावार दाखवलं तर?"

"तर त्या प्रत्येक महिन्याचा पेन्शनचा वाढीव हिस्सा भरायचा. काही त्यांच्या पगारातून, जास्त आपला. शिवाय उशिराचा दंड."

"किती?"

रुमावसाहेबांनी आकडा सांगितला. मोहितेसाहेबांनी तो लगेच तेविसानं गुणून रुपयांत केला आणि खुर्चीत मागे रेलले. "अरे, एवढ्यात गावाकडं विहीर होती! रुमाव, तुम्ही कंपनीच्या बाजूचे की बू राशिदच्या?"

"मी महिन्यांच्या बाजूचा," रुमावसाहेब म्हणाले.

मला हसू आलं. मोहितेसाहेबांना आलं नाही. मग रुमावसाहेब म्हणाले, "साहेब, तुम्ही दरवर्षी पार्टीत वडिलांची गोष्ट सांगता."

ती गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती. वडील सांगलीकडे प्राथमिक शिक्षक. त्यांच्या नोकरीतली काही वर्षं कचेरीच्या नोंदीतच आली नाहीत, आणि म्हातारपणी ते सायकलवरून जिल्हा परिषदेच्या खेपा घालत राहिले. शेवटी पेन्शन बसली ती कमीच. हे सांगताना मोहितेसाहेबांचा आवाज दरवर्षी त्याच जागी भरून यायचा.

"तर?" मोहितेसाहेब म्हणाले.

"काही नाही. यंदा सांगणार का, एवढंच विचारतो."

मोहितेसाहेबांनी रुमावांकडे असं पाहिलं की मला वाटलं आता पेपरवेट येणार. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं, रुमावांच्या कागदावर फर्रकन सही केली आणि पेन परत न देताच आम्हा दोघांना बाहेर काढलं.

इथे खरं तर बू राशिदनी रुमावसाहेबांच्या गळ्यात पडायला हवं होतं. घडलं उलटंच. एरियर्स जमा झाले त्या दिवशी ते दारातूनच ओरडत आले.

"रुमाव! सबको पूरा मिला, हमको कम कैसे?"

"बू राशिद, पेन्शन का हिस्सा कटा है. हर महीने का."

"तो वो पैसा किधर गया?"

"आपके बुढ़ापे में गया."

"बुढ़ापा आ गया!" बू राशिदनी दाढी धरून दाखवली. "ये देखो! अभी इंजिन मंगता है!"

त्यात दुसरं दुखणं. नोंदी दुरुस्त होईपर्यंत पेन्शन ऑफिसनं त्यांचा निवृत्तीचा अर्ज बाजूला ठेवला. आणि तिसरं त्याहून वाईट. मागचे महिने भरताना रुमावसाहेबांनी आदल्या वर्षीचा ऑगस्ट रिकामा सोडला.

"अगस्त किधर है?"

"अगस्त में आप बिना पगार छुट्टी पे थे."

"तो क्या हुआ? डाल दो! एक महीना कौन देखता है?"

"आप थे ही नहीं अगस्त में. कैसे डालूँ?"

"तुम हमारा सदीक है के दुश्मन?" असं बू राशिद म्हणाले आणि गहवा न पिता निघून गेले. पुढच्या सोमवारी मासा आला नाही.

मी स्पष्टच सांगते, मला रुमावसाहेबांचा भयंकर राग आला. मित्राचं इंजिन गेलं, मालकाची विहीर गेली, आणि माझी शेपटी गेली. गाडीत मी म्हटलंसुद्धा, "एवढा ऑगस्ट टाकला असतात तर काय आकाश कोसळलं असतं?" तर म्हणाले, "सावंतबाई, एक खोटा महिना सापडला ना, तर बाकीचे खरेसुद्धा कुणी मानणार नाही." आणि उरलेला रस्ता त्यांनी सोलकढी बाटलीतच ठेवली.

पुढचे कित्येक महिने आमच्या ऑफिसात जे चाललं, त्याचं तिकीट लावलं असतं तरी लोक आले असते. कारण दुरुस्तीचे कागद पेन्शन ऑफिसात नेणार कोण? मंदूब. म्हणजे स्वतः बू राशिद. आणि त्यांनी तर रुमावांशी बोलणं टाकलेलं. मग रुमावसाहेबांच्या टेबलासमोर उभे राहून ते पाठ फिरवायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "सावंत मॅडम, इसको बोलो, दूसरे पेज पे स्टॅम्प नहीं है."

रुमावसाहेब हाताच्या अंतरावर. तेही माझ्याचकडे बघून म्हणायचे, "सावंतबाई, त्यांना सांगा, स्टॅम्प तिसऱ्या पानावर असतो."

"इसको बोलो, हम तीस साल से स्टॅम्प लगाता है."

मी माझी ऑर्डर टाइप करत दोघांनाही म्हणायचे, "ऐकलं हं, दोघांनी." फिलिपिनो इंजिनिअर हेडफोन काढून बसायचे.

कागद मागे यायचे. हा महिना नीट, तो परत. प्रत्येक वेळी रुमावसाहेब तो एकच महिना पुन्हा उघडायचे, त्याचं कारण पुन्हा लिहायचे, शांतपणे. दुपारी अंडाभुर्जी खायचे. एका सोमवारी डबा उघडून म्हणाले, "सावंतबाई, मला सोमवार आवडेनासा झालाय." एवढंच. माझा राग त्या दिवसापासून निवळला. आपण मासा गेला म्हणून कुरकुरत होतो आणि या माणसाचा मित्र गेला होता, आणि तोही त्याच मित्राच्या भल्यासाठी.

शेवटी सगळे महिने लागले. ऑगस्ट सोडून. बू राशिद निवृत्त झाले. मोहितेसाहेबांनी केक आणला, बू राशिदनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, रुमावांच्या वेळी मात्र त्यांचा फोन वाजला. फोन वाजल्याचा आवाज मला तरी ऐकू आला नव्हता. त्यानंतर नव्या मंदूबकडून कळलं की त्यांची पेन्शन सुरू झाली, आणि चांगली बसली. मी रुमावसाहेबांना म्हटलं, "आता तरी फोन करा."

"बरोबर बसली ना?" त्यांनी विचारलं.

"हो म्हणे."

"मग झालं तर."

आणि तीन रंगांतलं लाल पेन काढून काहीतरी खरडत बसले. कोरा कागद होता, मी पाहिला.

दरम्यान नोव्हेंबरात मी एकदाची ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाले. पेढे वाटले. आणि फेब्रुवारीत रुमावसाहेब साठ वर्षांचे होऊन वसईला परत निघाले. रेजिनाबाई आधीच पुढे गेल्या होत्या. जायच्या आधी रुमावसाहेबांनी आपली जुनी गाडी मलाच विकली, त्यामुळे विमानतळावर त्यांना सोडायला त्यांच्याच गाडीतून मी नेलं. जपमाळ तेवढी त्यांनी काढून घेतली होती. शेजारी बसून ते पूर्ण रस्ताभर पायानं नसलेले ब्रेक दाबत होते. एकदा मात्र मी ब्रेक नीट वेळेवर मारला, तेव्हा म्हणाले, "शाब्बास. हे कौतुक नोव्हेंबरचं, द्यायचं राहिलं होतं."

आत शिरल्याबरोबर मला अत्तराचा वास आला. बघते तर रांगेच्या तोंडाशी बू राशिद उभे. पांढरा कंदुरा, आणि पायाशी चिकटपट्टीनं गच्च बांधलेला एक मोठा थर्मोकोलचा डबा. गाडी नक्कीच दोन जागा अडवून लावलेली असणार.

रुमावसाहेब जागच्या जागी थांबले. बू राशिद माझ्याकडे बघून म्हणाले, "सावंत मॅडम, इसको बोलो..." आणि मग त्यांनाच ते जमेना. वळले, आणि थेट रुमावांना म्हणाले, "रुमाव. ये लो."

"क्या है?"

"मछली. तुम्हारा हिस्सा." त्यांनी खिशातली किल्ली काढून चिकटपट्टी फाडली. आत दगडासारखे गोठलेले मासे, प्रत्येक वेगळ्या पिशवीत, आणि प्रत्येक पिशवीवर मार्करनं महिन्याचं नाव. "हमको गुस्सा था. बहुत गुस्सा था. लेकिन हर महीने जो मछली मिला, उसमें से तुम्हारा निकाल के फ्रीजर में डाला. बीबी बोली, पागल है. मैं बोला, रुमाव का है, रहने दो." मग बोट उगारून, "सब अपना-अपना महीने में है. मिक्स नहीं करना."

रुमावसाहेब खाली वाकले. चष्मा नाकावर सरकवून, तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॉल्यांच्या मध्ये, एकेक पिशवी उचलून बघायला लागले. जून. जुलै. सप्टेंबर. ऑक्टोबर. मला वाटलं आता या माणसाला चपराक द्यावी. सगळ्या तपासून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"बू राशिद, अगस्त नहीं है."

"अगस्त में गर्मी बहुत था," बू राशिद म्हणाले. "हम समुंदर पे गया ही नहीं. गया ही नहीं, तो कैसे डालेगा?"

रुमावसाहेब उठले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण आवाज इतका मऊ झाला होता की बाहेरच पडला नाही. बू राशिदनी त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि इथल्या रीतीप्रमाणे आपलं नाक त्यांच्या नाकाला लावलं. मध्ये चष्मा आला. तो दोरीवर लोंबकळत राहिला आणि दोघांनाही तो सावरायचं सुचलं नाही.

"समुंदर का चक्कर बाकी है," बू राशिद म्हणाले.

"अगले महीने," रुमावसाहेब म्हणाले.

काउंटरवरच्या मुलीनं वजन केलं आणि सामान जास्त भरतंय म्हणाली. डबा सोडा, नाहीतर मासे दोन पिशव्यांत एकत्र कोंबून हलका करा. एकत्र कोंबायचं म्हटल्यावर रुमावसाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती बिचारी पुन्हा वजनकाट्याकडे वळली. मग त्यांनी बॅग उघडून मिक्सर, इस्त्री आणि निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ बाहेर काढून माझ्या हातात दिलं. तरी थोडं उरत होतं. त्यांनी डब्यातून एक पिशवी काढली.

"सावंतबाई, नोव्हेंबर तुमचा."

"मला कशाला? तुमचा हिस्सा आहे तो."

"नोव्हेंबरात तुम्ही पास झालात. पेढे तुम्ही दिलेत, माझ्याकडून काही गेलं नाही. घ्या."

शेवटचे दिसले ते पासपोर्टच्या रांगेत. एका हातात जपमाळ आणि पासपोर्ट, आणि मागे वळून वळून बघणं. आमच्याकडे नव्हे. ज्या दारातून तो थर्मोकोलचा डबा आत गेला होता, त्या दाराकडे. मग पांढऱ्या कंदुऱ्यांच्या गर्दीत त्यांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट दिसेनासा झाला. बू राशिदनी मला मिक्सर गाडीपर्यंत आणून दिला, आणि त्यांच्या गाडीला दंडाची चिठ्ठी लागलेली पाहून म्हणाले, "ये रुमाव के नाम पे डालो."

मी तिथे रडले नाही. हातात इस्त्री, घड्याळ आणि गोठलेला हमूर घेऊन बाईमाणसानं रडावं तरी कसं.

रात्री मासा पाण्यात सोडला. माझी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "What's for dinner, आई?"

"नोव्हेंबर," मी म्हटलं.

"What?"

मी पिशवीवरचं नाव दाखवलं. तिनं डोळे फिरवले आणि गेली. मी विळीवर बसले, शेपटीकडचा अर्धा वेगळा केला, सवयीनं डोक्याकडचा भाग रुमावसाहेबांसाठी बाजूला ठेवला, आणि मग जे रडू आलं ते काही केल्या थांबेना. आलं स्वयंपाकघरात. पण ज्याचा महिना त्याला. मी ते विमानतळावरचंच धरते.